अंध विद्यार्थ्यांसाठी आवाज आणि अक्षर : काय करावे, काय टाळावे

स्पष्ट वाणी, सुवाच्य अक्षर, चित्राचा हात, गणिताची समज, यांपैकी काहीही अंगी असेल आणि ते अंध विद्यार्थ्यांच्या कामी द्यायचे असेल तर पुढचे नियम तुमच्यासाठी आहेत.

काय करावे

नाव देण्याआधी

- आपल्यापाशी नेमके काय आहे ते ठरवा : वाचन, लेखन, चित्र, गणित, टंकलेखन की नुसता धीर. धीरालाही इथे भरपूर काम आहे.
- ते दुसऱ्याकडून तपासून घ्या. पाच मिनिटे वाचून रेकॉर्ड करा आणि ते पुस्तक न वाचलेल्या माणसाला ऐकवा.
- अक्षर तपासताना घड्याळ लावून सलग लिहा. पहिले पान सगळ्यांचेच चांगले येते, तिसऱ्या तासातले पाहा.
- आधी गरज विचारा, मग होकार द्या. तुम्हाला कविता वाचायची हौस असेल, विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या नोट्स हव्या असतील.
- जवळच्या संस्थेत स्वतः जाऊन नाव द्या : मुंबईत वरळीचे नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र, दादरची कमला मेहता शाळा, पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा.
- गावात संस्था नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा; सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांची माहिती तिथे मिळते.
- आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांनाही विचारा. वर्गात बसणारा अंध विद्यार्थी अनेकदा कुणाच्याच यादीत नसतो.
- आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा. विद्यार्थ्याचा अभ्यास त्या वेळेवर बेतलेला असतो.
- थोडे कबूल करा आणि तेवढे पूर्ण पाळा.
- विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची आणि शाळेची परवानगी घ्या, बसायला चार लोकांच्या नजरेतली जागा निवडा.

भेटल्यावर

- आधी स्वतःचे नाव सांगा, रोजची ओळख असली तरी.
- थेट विद्यार्थ्याशी बोला, सोबत आलेल्या आईशी किंवा मित्राशी नव्हे.
- मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला ‘अहो’ म्हणा. एकेरीवर यायचे ते त्यांनी सांगितल्यावर.
- ‘पाहिलंस का’, ‘बघू या’ हे शब्द नेहमीसारखे वापरा. अंध माणसे स्वतःही ते वापरतात.
- सोबत हवी का ते विचारा; हवी असेल तर आपले कोपर पुढे करा आणि अर्धे पाऊल पुढे चाला.
- जिना आला की थांबून सांगा : वर की खाली, कठडा कोणत्या हाताला.
- खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात टेकवा; बसायचे काम ते स्वतः करतात.
- ताट वाढले की घड्याळाच्या काट्यांनी सांगा : भाजी तीनला, आमटी बाराला, चटणी नऊला.
- खोलीतून बाहेर जाताना सांगून जा; रिकाम्या खुर्चीशी बोलायची वेळ कुणावर आणू नका.

पुस्तक रेकॉर्ड करताना

- ते पुस्तक आधीच उपलब्ध आहे का ते सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात तपासा. झालेले काम पुन्हा करण्यात कुणाचा फायदा नाही.
- कोणती आवृत्ती, कोणता अभ्यासक्रम हे लेखी घ्या; जुन्या आवृत्तीचे रेकॉर्डिंग परीक्षेत फसवते.
- मजकूर एकदा मनात वाचून काढा. अडखळण्याच्या जागा आधीच कळतात.
- विशेषनामांचा, शास्त्रीय संज्ञांचा आणि परभाषी शब्दांचा उच्चार जाणकाराला विचारून घ्या.
- ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च, ‘जग’मधला ज आणि ‘जागा’मधला ज यांतला फरक नीट ठेवा, ऐकणाऱ्यासमोर छापील अक्षर नसते.
- पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, पडदे आणि गाद्या असलेली खोली निवडा. भिंतींवरून फिरणारा आवाज कानाला थकवतो.
- घरच्यांना वेळ सांगून ठेवा. कुकरची शिट्टी आणि दाराची बेल दोन्ही टाळता येतात.
- माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवा. प, फ, भ यांचा फुत्कार येत नाही.
- अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच पुढे जा.
- सुरुवातीला पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष सांगा. संदर्भ देताना विद्यार्थ्याला ते लागते.
- प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पृष्ठक्रमांक बोला. वर्गात शिक्षक ‘पान ७२ काढा’ म्हणतात तेव्हा ऐकणारा विद्यार्थीही मागे राहू नये.
- एका प्रकरणाची एक फाइल करा आणि नावात आधी क्रमांक, मग शीर्षक लिहा.
- मुख्य मथळा, उपमथळा, चौकट आणि तळटीप यांचा नावानिशी उल्लेख करा, संपल्यावर ‘तळटीप संपली’ म्हणा.
- अवतरणचिन्ह जिथे अर्थ बदलते तिथे बोला. कुणाचे वाक्य कुठे संपले ते कळले पाहिजे.
- तक्ता वाचताना आधी स्तंभ किती, ओळी किती ते सांगा, मग प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या स्तंभाचे नाव घ्या.
- आकृतीचे वर्णन मोठ्याकडून लहानाकडे करा : आधी एकूण आकार, मग भाग, मग नावे.
- नकाशा दिशांनी सांगा. ‘वर’ऐवजी ‘उत्तरेला’ म्हणा.
- गणितात कंस कुठे उघडला, कुठे मिटला ते बोला. ‘अ अधिक ब भागिले क’ याची दोन उत्तरे निघतात.
- वर्गमूळ कुठपर्यंत आहे, घात कशाचा आहे, अंश कुठे संपून छेद कुठे सुरू झाला हे प्रत्येक वेळी सांगा.
- संस्कृतात विसर्ग स्पष्ट उच्चारा आणि अवग्रह असेल तिथे ‘अवग्रह’ म्हणा.
- चूक झाली की वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचा. मधूनच जोडलेले वाक्य तुटके ऐकू येते.
- वेग एकसारखा ठेवा. सरावलेले विद्यार्थी रेकॉर्डिंग दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात आणि ते गणित त्यांचे त्यांना जमते.
- दर अर्ध्या तासाने पाणी प्या आणि थांबा; थकलेला आवाज ऐकणाऱ्यालाही थकवतो.
- दिलेली मुदत परीक्षेच्या तारखेवरून मोजा; परीक्षेनंतर आलेली फाइल कुणाच्याच कामाची नाही.

लेखनिक होण्यापूर्वी

- पात्रतेची अट आधी वाचा; लेखनिक, म्हणजे परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते लिहिणारा, सहसा उमेदवारापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो आणि स्पर्धा परीक्षांचे नियम वेगळे असतात.
- प्रत्येक परीक्षेचे चालू सूचनापत्रक मागून घ्या. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.
- तुम्ही पदवीधर असाल तर दहावीच्या पेपरला स्वतः बसण्याऐवजी आठवी-नववीतल्या चांगल्या अक्षराच्या मुलांना तयार करा. तिथे खरी टंचाई आहे.
- त्या मुलांच्या शाळेशीही बोला; त्यांची स्वतःची चाचणी आणि हा पेपर एकाच दिवशी येऊ नये.
- छायाचित्र, ओळखपत्र आणि शिक्षणाचा पुरावा मागितल्या दिवशीच द्या. विहित नमुना मंजूर झाल्याशिवाय केंद्रावर बसू देत नाहीत.
- परीक्षेआधी विद्यार्थ्याबरोबर निदान एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवा. एकमेकांचा वेग तिथेच जुळतो.
- खुणेचे शब्द ठरवून घ्या : ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘खोडा’, ‘परत वाचा’, ‘जागा सोडा’.
- त्या विषयाची चिन्हे आणि संज्ञा लिहून पाहा. रसायनशास्त्राचे सूत्र पहिल्यांदाच परीक्षेत लिहायची वेळ येऊ नये.
- केंद्र आदल्या दिवशी पाहून या. दहावी-बारावीच्या दिवसांत शाळांच्या नावांचे घोळ होतात.
- आजारी पडलात तर त्याच क्षणी विद्यार्थ्याला आणि केंद्राला कळवा. आणीबाणीत लेखनिक बदलण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी वेळ हातात लागतो.

परीक्षेच्या दालनात

- ४५ मिनिटे आधी पोहोचा. पडताळणी, सही आणि जागा शोधणे यात वेळ जातो.
- दोन एकसारखी पेने, मूळ ओळखपत्र आणि मंजुरीपत्राची प्रत जवळ ठेवा.
- वाढीव वेळ सुरुवातीलाच पर्यवेक्षकांकडून निश्चित करून घ्या. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला किमान एक तास आहे.
- बैठक क्रमांक आणि विषय मोठ्याने वाचून विद्यार्थ्याकडून खात्री करा, मगच लिहा.
- प्रश्नपत्रिका वरच्या सूचनांसह पूर्ण वाचून दाखवा, गुणांसकट. कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते विद्यार्थी त्यावरून ठरवतो.
- कृतिपत्रिकेतल्या आकृत्या शब्दांत सांगा : मध्ये एक चौकट, तिच्यातून चार बाण, तीन रिकामे, एक भरलेला.
- उतारा विचारला तितक्या वेळा वाचा, तिसऱ्यांदाही त्याच स्वरात.
- पर्याय वाचताना चारही एकाच सुरात वाचा; बरोबर पर्यायावर आवाज जड होतो, हे सरावाने सुटते.
- सांगितलेला शब्द सांगितला तसाच लिहा. वाक्य चुकले असेल तर चुकलेले लिहा. ते उत्तर त्याचे आहे.
- शुद्धलेखनाला गुण असतील तिथे पहिली वेलांटी की दुसरी ते विचारा, इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर सांगायला सांगा.
- ऐकू आले नाही तर लगेच पुन्हा विचारा. अंदाजाने लिहिलेला शब्द नंतर सापडत नाही.
- आकृती सांगितल्याप्रमाणे एक-एक रेघ काढा, नावे तो सांगेल तिथेच द्या.
- प्रश्नक्रमांक प्रत्येक उत्तराआधी लिहा आणि लिहिल्याचे बोलून सांगा.
- किती ओळी झाल्या, पान कुठे संपले हे मधूनमधून सांगा. उत्तराची लांबी त्याला त्यावरूनच कळते.
- उरलेला वेळ ठरलेल्या अंतराने सांगा, हलक्या आवाजात.
- शेवटची दहा मिनिटे परत वाचायला राखा. सुटलेले प्रश्न क्रमाने मोजून दाखवा.
- पुरवण्यांवर क्रमांक घाला, बांधा, बारकोड योग्य जागी आहे ना ते पर्यवेक्षकांकडून पाहून घ्या.
- सही किंवा अंगठा विद्यार्थ्याचाच घ्या; पेन धरलेला त्याचा हात योग्य ओळीवर टेकवून द्या.
- वाढीव वेळ नाकारला तर वाद पर्यवेक्षकांशी घालत बसू नका, केंद्रसंचालकांना बोलवा आणि मंजुरीपत्र दाखवा.

चित्र, गणित, टंकलेखन असे काही हाती असेल तर

- चित्राचा हात असेल तर उठावाच्या आकृत्या करा : जाड कार्डशीट, फेविकॉल, सुतळी आणि सँडपेपर एवढ्यावर हृदयाचे चार कप्पे बोटांना कळतात.
- एका आकृतीत एकच गोष्ट दाखवा. बोटांना गर्दी वाचता येत नाही.
- पूर्ण झालेली आकृती डोळे मिटून स्वतः चाचपा, मग विद्यार्थ्याला दाखवून दुरुस्त करा.
- गणित येत असेल तर अंधांसाठीची गणित मांडायची टेलर फ्रेम आणि ॲबॅकस शिकून घ्या. शिकवणाऱ्याला साधन माहीत हवे.
- टंकलेखन युनिकोडमध्येच करा; जुन्या टंकांतला मजकूर स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारी संगणकप्रणाली) मराठी म्हणून वाचू शकत नाही.
- वर्डमध्ये मथळ्यांना मथळ्याची शैली द्या. नुसते ठळक केलेले शीर्षक स्क्रीन रीडरला शीर्षक वाटत नाही.
- स्कॅन केलेल्या पुस्तकाचे मुद्रितशोधन करा. यंत्राने ओळखलेल्या मराठी मजकुरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.
- संगणक येत असेल तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आधी स्वतः वापरून पाहा, पडदा झाकून.
- ब्रेल शिका, सहा टिंबांतच सगळी लिपी आहे. ब्रेलच्या पाटीवर मात्र उजवीकडून डावीकडे टोचावे लागते, म्हणून सराव लागतो.
- धावायची सवय असेल तर दोरी धरून सोबत धावणारे बना. बुद्धिबळ येत असेल तर खाचांच्या पटावर खेळायला जा आणि जिंकायलाच खेळा.

पत्रे आणि कागद वाचून देताना

- कागद पूर्ण वाचा, बारीक टाइपासकट. काय महत्त्वाचे ते ऐकणारा ठरवतो.
- आधी पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख सांगा, मग मजकूर.
- बँकेचे, दवाखान्याचे, घरगुती कागद वाचले की तिथेच विसरा.

काय टाळावे

वृत्तीत

- ‘बिचारा’, ‘देवाने एक काढून घेतले की दुसरे देतो’ ही भाषा टाळा. ऐकणाऱ्याला ती रोज ऐकावी लागते.
- ‘ओळखा पाहू मी कोण’ हा खेळ खेळू नका.
- न विचारता हात धरून रस्ता पार करवू नका. त्यांना कदाचित पलीकडे जायचेच नसेल.
- पांढऱ्या काठीला हात लावू नका, ती हलवून ‘व्यवस्थित’ ठेवू नका.
- मोठ्या आवाजात बोलू नका. अडचण दृष्टीची आहे.
- अंधत्व कशाने आले, लग्न झाले का, घरी कोण करते, हे प्रश्न विचारू नका.
- गाणे येते का, असे गृहीत धरून विचारू नका. गाण्याचा आणि अंधत्वाचा संबंध लोकांनी जोडलेला आहे.
- त्यांच्या टेबलावरची वस्तू एक इंचही हलवू नका. हलवलीच तर सांगा.
- दार अर्धवट उघडे ठेवू नका, कपाळ त्यावर आपटते.
- त्यांना जे स्वतः करता येते ते तुम्ही करू नका. वेळ लागला तरी थांबा.
- आभाराची वाट पाहू नका.

रेकॉर्डिंगमध्ये

- पार्श्वसंगीत घालू नका. अभ्यासाच्या मजकुराखाली बासरी वाजली की शब्द हरवतात.
- नाट्यवाचन करू नका. संवादांना थोडी छटा पुरे, भावना लेखकाने लिहिलेल्या आहेत.
- आवडले नाही म्हणून परिच्छेद गाळू नका, अश्लील वाटला म्हणूनही नाही. डोळस वाचकाला तो मिळतो, यांनाही मिळाला पाहिजे.
- मधेच स्वतःचे मत किंवा स्पष्टीकरण घालू नका. फारच गरज असेल तर ‘वाचकाची टीप’ असे म्हणून घाला.
- ‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ एवढे वाचून पुढे जाऊ नका.
- सर्दी-खोकल्यात रेकॉर्डिंग करू नका. एका प्रकरणात दोन आवाज ऐकणाऱ्याला खटकतात.
- कंटाळा आल्यावर ओढून वाचू नका, तो आवाजात उतरतो.
- अर्धे पुस्तक वाचून सोडू नका. जमत नसेल तर पहिल्याच आठवड्यात परत द्या म्हणजे दुसरा वाचक घेता येतो.
- ते रेकॉर्डिंग यूट्यूबवर किंवा सर्वांसाठी खुल्या गटावर टाकू नका. कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची सवलत दिव्यांग वाचकांसाठी आणि ना-नफा तत्त्वावरच आहे.
- लेखकाच्या परवानगीची वाट पाहत अभ्यासाचे पुस्तकही अडवू नका. याच सवलतीखाली ते करता येते.
- आपल्या नावाची, गावाची, छंदांची लांबलचक ओळख सुरुवातीला जोडू नका, नाव पुरे.
- यंत्राचा आवाज आता चांगला झाला म्हणून काम सोडू नका. गणित, नकाशे आणि जुन्या छपाईची मराठी पुस्तके अजून माणसाच्याच आवाजावर चालतात.

लेखनिक म्हणून

- उत्तर सुचवू नका. शब्दाने नाही, खाकरून नाही, पेन थांबवून नाही, टेबलावर बोट वाजवूनही नाही.
- हा नियम दयेपोटीही मोडू नका. पकडले गेले तर पेपर विद्यार्थ्याचा रद्द होतो आणि वर्ष त्याचे जाते.
- त्याची भाषा सुधारू नका. ‘आनि’ सांगितले तर त्याने ‘आणि’च म्हटले असेल असे मानू नका, विचारा.
- ‘नक्की का?’ असे विचारू नका. या दोन शब्दांत उत्तर चुकल्याची सूचना असते.
- ‘लवकर सांग’ म्हणू नका. विचार करायला डोळस विद्यार्थीही थांबतो.
- वेळ संपत आला म्हणून उत्तरे आपल्या मनाने आटोपती घेऊ नका.
- सुंदर अक्षराच्या हौसेपायी वेग घालवू नका. वाचता आले की पुरे.
- आधीचा परिच्छेद न विचारता खोडू नका.
- एकाच दिवशी दोन विद्यार्थ्यांना शब्द देऊ नका. वाढीव वेळेमुळे सकाळचा पेपर दुपारपर्यंत लांबतो.
- उपाशी येऊ नका, उपवास असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवायची व्यवस्था आधीच मंजूर करून घ्या; चार तास सलग लिहायचे असते.
- मोबाइल, स्मार्ट घड्याळ, चिठ्ठी, कच्च्या नोंदी यांतले काहीही आत नेऊ नका.
- आपल्या विषयाची परीक्षा असेल तर लेखनिक होऊ नका. माहीत असलेले उत्तर ओठांवर येतेच.
- विद्यार्थ्याकडून पैसे, भेट, जेवण घेऊ नका. परीक्षा घेणारी संस्था मानधन देत असेल तर ते तिच्या नियमाने घ्या.
- पेपर संपल्यावर ‘तिसरा प्रश्न चुकलास’ असे सांगू नका. उद्या त्याचा पुढचा पेपर आहे.
- त्याने काय लिहिले, किती सोडले, हे मित्रांत, घरी, कुठेही बोलू नका.
- निकालाच्या दिवशी त्याचे गुण आपल्या खात्यावर टाकू नका. यश त्याचे आहे, जाहीर करायचे की नाही तेही तोच ठरवील.

शिकवताना आणि वस्तू बनवताना

- ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘हे असे’ म्हणू नका. डावीकडे, दोन बोटे खाली, असे सांगा.
- विद्यार्थ्याचा हात पकडून आकृतीवर फिरवू नका. आपला हात खाली ठेवा, त्याला वरून ठेवू द्या.
- ‘अंधांना गणित जमत नाही’ म्हणून विषय सोडायला सांगू नका. जमत नाही ते बहुधा आपले शिकवणे.
- टोकदार टाचण्या, सुटणारी काच, वास येणारा रंग आकृतीत वापरू नका.
- पुस्तकाच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून काम झाले असे मानू नका. फोटोतला मजकूर स्क्रीन रीडरपुढे कोराच असतो.
- रंगांवर सूचना सोपवू नका. ‘लाल अक्षरांतले पाठ करा’ याला अर्थ नाही.
- डोळस भावंडांना किंवा वर्गमित्रांना बाजूला सारू नका. तुम्ही आठवड्यातून एकदा येता, ते रोज असतात.

पैसे, कागद, फोटो

- पिन, ओटीपी, पासवर्ड विचारू नका आणि सांगितलाच तर वापरू नका.
- नोटा मोजून देताना पाकीट हातात घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे नोटा ओळखणारे ॲप फोनवर घालून द्या.
- न वाचलेल्या कागदावर सही घेऊ नका, वरिष्ठांचा कागद असला तरी.
- मदत करतानाचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. विद्यार्थ्याला तो फोटो दिसणार नाही आणि तुम्ही विचारलेलेही नसते.
- वाढदिवसाचा केक कापायला अंधशाळेत जाऊ नका. त्या तासात मुलांचा अभ्यास बुडतो. तोच तास वाचायला द्या.
- जुने कपडे, फाटकी पुस्तके, वापरून झालेल्या वह्या नेऊन देऊ नका. ब्रेलचा जाड कागद, चांगले हेडफोन, मेमरी कार्ड, शाळा मागेल ते द्या.

काम चालू ठेवताना

- दोन आठवड्यांत उत्साह ओसरला म्हणून गुपचूप गायब होऊ नका. थांबायचे असेल तर सांगा आणि आपल्या जागी माणूस देऊन थांबा.
- कुणाही विद्यार्थ्याला स्वतःवर अवलंबून ठेवू नका. त्याची दुसऱ्या वाचकांशी गाठ घालून द्या.
- मोठा गट, बॅनर, उद्घाटन यांत वेळ घालवू नका. चार वाचक आणि एक वेळापत्रक यावर काम चालते.
- दुसऱ्या वाचकाच्या उच्चारांना सर्वांसमोर हसू नका. वऱ्हाडी, कोकणी, अहिराणी वळणाचा आवाज चालतो, अस्पष्ट चालत नाही.
- विद्यार्थ्याने चूक दाखवली तर वाईट वाटून घेऊ नका, दुरुस्त फाइल पाठवा.
- परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नका. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, लेखनिकांची कागदपत्रे त्याआधी मंजूर व्हावी लागतात. आपले नाव दिवाळीच्या सुट्टीतच देऊन ठेवा.